मनी घरातच राहील, ट्रे मात्र नवऱ्याकडे दे

पत्र

डॉक्टरकाकू, मी डोंबिवलीला राहते. वय 29, पहिलंच बाळ, अकरावा आठवडा चालू आहे. आमच्याकडे मनी नावाची चार वर्षांची मांजर आहे. माहेरच्या बिल्डिंगच्या मीटररूममध्ये सापडली होती, लग्न झाल्यावर माझ्याबरोबर सासरी आली. रात्री माझ्या पायाशी झोपते. दिवसातून एकदा जिना उतरून समोरच्या बांधकामावर फिरून येते. कधी पाल, कधी उंदीर तोंडात धरून आणते. मी चिकन साफ करायला बसले की तिला कच्चे तुकडे देते. तिचा ट्रे मीच साफ करते, दोन-तीन दिवसांनी एकदा.

मागच्या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यात ‘टॉर्च’ होती, म्हणजे गर्भाला अपाय करू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र तपासणी. टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह, आकडा ठळक अक्षरांत छापलाय. आयजीएम निगेटिव्ह. डॉक्टर दहा दिवस बाहेरगावी आहेत. लॅबमधल्या मुलाने रिपोर्ट देताना विचारलं, “घरी मांजर आहे का?” तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला तर बाळाला अपाय होतो. शेजारच्या काकूंच्या भाचीचे म्हणे दोन गर्भ मांजरामुळे पडले. सासरे म्हणतात, गोणीत घालून मच्छी मार्केटला सोडून येतो, तिथे उपाशी नाही मरायची. हे काहीच बोलत नाहीत. मी काय करू?

— म., डोंबिवली

उत्तर

प्रिय म.,

मनीला गोणीत घालायचं नाही आणि मार्केटातही सोडायचं नाही. तू रिपोर्टाबद्दल जे लिहिलं आहेस ते नीट वाचलं तर त्यात चांगली बातमी आहे. ती तुला कोणी वाचून दाखवली नाही, एवढंच झालंय. मी जनावरांची डॉक्टर आहे, तुझ्या गरोदरपणाबद्दल शेवटचा शब्द तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचाच. पण हा आजार सुरू होतो मांजराच्या आतड्यात, त्यामुळे तो आम्हालाही पक्का शिकवलेला असतो. तेव्हा दहा दिवस रडत काढण्याऐवजी हे वाच, आणि जमलं तर मोठ्याने वाच, म्हणजे हॉलमध्ये बसलेल्यांनाही ऐकू जाईल.

आधी रिपोर्ट. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध दोन तऱ्हेची प्रतिपिंडं तयार करतं. आयजीएम आधी येतं, नव्या लागणीची वर्दी देतं आणि पुढे काही महिन्यांनी ओसरतं. आयजीजी थोडं मागून येतं आणि जन्मभर राहतं. तुझं आयजीजी आहे आणि आयजीएम नाही. अकराव्या आठवड्यात असा रिपोर्ट आला की त्याचा अर्थ, ही लागण तुला दिवस राहण्याच्या कितीतरी आधी, बहुधा काही वर्षांपूर्वी होऊन गेली. तेव्हा तुला थोडा ताप आला असेल, मानेत गाठ आली असेल, किंवा काहीच कळलं नसेल. बहुतेकांना कळतच नाही. आता तुझ्या रक्तात जे आहे ते संरक्षण आहे. गर्भाला धोका असतो तो आईला *गरोदरपणात पहिल्यांदाच* लागण झाली तर. तुझी पहिली वेळ होऊन गेली. प्रतिकारशक्ती खूप दुबळी करणारा आजार असेल किंवा तशी औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी, पण तसं काही असतं तर तू लिहिलं असतंस.

तो ठळक आकडा बघून घाबरू नकोस. मर्यादेपेक्षा जास्त असलेली प्रत्येक गोष्ट लॅबचा संगणक ठळक छापतो, मग ती चांगली असो की वाईट. आयजीजीचा आकडा मोठा म्हणजे रोग मोठा, असं गणित नाही. भारतात मूल होण्याच्या वयातल्या साधारण चार-पाच बायकांमागे एकीच्या रक्तात हे आयजीजी सापडतं, आणि त्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात मांजर पाळलेलं नसतं.

लॅबमधल्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त अर्धा होता. त्याने पुढे “मटण अर्धकच्चं खाता का, कोथिंबीर कशी धुता, पाणी कुठलं पिता” हेही विचारायला हवं होतं.

मांजराचं नाव यात का येतं ते सांगते. हा परजीवी 1908 साली सापडला. उत्तर आफ्रिकेत ट्युनिसला गुंडी नावाच्या उंदराएवढ्या प्राण्यात, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सशात. त्यानंतर साठेक वर्षं तो पसरतो कसा याचा पत्ता लागत नव्हता, कारण शाकाहारी माणसांतही तो सापडे. 1970 च्या सुमाराला उलगडा झाला: हा परजीवी हजार प्राण्यांच्या अंगात राहू शकतो, पण त्याचं लैंगिक पुनरुत्पादन होतं ते फक्त मांजरवर्गातल्या प्राण्यांच्या आतड्यात. मग त्याची अंडी (शास्त्रात वेगळा शब्द आहे, आपण अंडीच म्हणू) विष्ठेतून बाहेर पडतात. हे कोडं सोडवणाऱ्यांत जितेंद्र दुबे हे भारतात पशुवैद्यकाची पदवी घेऊन पुढे अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ होते; त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच जंतूच्या अभ्यासात गेला. तर मांजर आरोपी आहे, हे खरं. पण आरोपपत्र नीट वाचायला हवं.

एक म्हणजे मांजर ही अंडी सहसा आयुष्यात एकदाच टाकतं. पिल्लू मोठं होऊन शिकार करायला लागतं, पहिला लागण झालेला उंदीर किंवा पक्षी खातं, तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे. मग त्याच्याही अंगात प्रतिकारशक्ती येते आणि दुकान बंद होतं. कुठल्याही एका दिवशी जगातल्या मांजरांपैकी शंभरात जेमतेम एखादं अंडी टाकत असतं. तुझी मनी चार वर्षांची आहे आणि उंदीर-पाली धरते. तिचे ते दोन-तीन आठवडे कधीच होऊन गेले असण्याची शक्यता दांडगी आहे.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. ताजी विष्ठा लागण करत नाही. बाहेर पडलेली अंडी हवेत राहून पिकायला कमीत कमी एक दिवस लागतो, कधी पाच दिवस. म्हणून आम्ही ट्रे *रोज* साफ करा म्हणून मागे लागतो. चोवीस तासांच्या आत ट्रे रिकामा झाला तर त्यातली अंडी, असलीच तरी, पिकायच्या आधीच घराबाहेर गेलेली असतात. तू दोन-तीन दिवसांनी साफ करत होतीस, म्हणजे नेमकी पिकायला सवड देत होतीस. हे मात्र आजपासून बंद.

आणि मांडीवर घेणं, गोंजारणं, पायाशी झोपू देणं यातून टॉक्सो होत नाही. मांजर दिवसभर अंग चाटून स्वच्छ करत असतं, विष्ठा अंगावर दोन-दोन दिवस बाळगत नाही. लागण होण्यासाठी पिकलेली अंडी माणसाच्या *तोंडात* जावी लागतात. मनीला कुरवाळून तू हात धुऊन जेवायला बसलीस की तो विषय तिथे मिटला. सासूबाईंच्या केसाबद्दल म्हणशील तर, केस गिळला तरी तो जाईल जठरात आणि तिथून बाहेर. बाळ आहे गर्भाशयात. या दोन खोल्यांना मधे दार नाही.

मग लोकांना लागण होते कुठून? युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात लागणीपैकी 30 ते 63 टक्के वाटा निघाला अर्धकच्च्या किंवा नुसत्या खारवलेल्या मांसाचा, 6 ते 17 टक्के मातीचा. घरात मांजर असण्याचा लागणीशी संबंध दिसला नाही. आपल्याकडे मटण कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत शिजतं, त्यामुळे मांसाचा वाटा आपल्यात कमी असावा आणि पाण्याचा-मातीचा जास्त, असं माझं मत. कोइम्बतूरला 2004-05 मध्ये दोनशेहून जास्त माणसं डोळ्यांच्या टॉक्सोने आजारी पडली. दवाखान्यांत अचानक एवढे रुग्ण का येतायत म्हणून शोध घेतला तेव्हा संशय गेला शहराच्या पाणीपुरवठ्यावर. त्या दोनशे घरांतल्या दोनशे माऊंवर नव्हे. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनला ही अंडी दाद देत नाहीत. उकळीला देतात.

म्हणून आता स्वयंपाकघरात ये. तुझ्या घरात लोक ट्रेकडे बघतायत, मला काळजी ओट्याची आहे. तुझं आयजीजी पॉझिटिव्ह असल्याने टॉक्सोपुरती तू बरीचशी सुटलीस, पण कच्च्या कोंबडीत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, धुतल्या नाहीत अशा पालेभाजीत जंत असतात, आणि पावसाळ्यात पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, अक्षरशः जीवघेणी ठरू शकते. मनीपेक्षा मला त्या काविळीची भीती जास्त वाटते, आणि तिच्याबद्दल तुझ्या पत्रात कोणीच काही म्हटलेलं नाही. पाणी उकळून पी. बाहेरची पाणीपुरी, बर्फ घातलेला रस, कापून ठेवलेली फळं बाळंतपणापर्यंत नकोतच. भेळेची तल्लफ आली तर घरी कर. गाडीवरच्या भेळेवर जी कोथिंबीर भुरभुरतात ती कुठल्या पाण्यात बुचकळली होती हे ना तुला माहीत, ना त्याला.

कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, बीट, गाजर या सगळ्याला माती चिकटून येते, आणि माती म्हणजे कुठल्या ना कुठल्या मांजराची जागा. जुडी सोडून, देठ कापून, भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून मग नळाखाली चोळून धू. शिजणार असेल तर प्रश्न नाही. कोशिंबिरीला मात्र आधी धुवायचं, सोलायचं, मग चिरायचं. चिरून धुतलेली काकडी धुतल्यासारखी नसते. मटण-चिकन कापायचा पाट आणि सुरी वेगळी ठेव, आणि तिथून उठलीस की कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. खिमा अर्धा शिजलेला असताना मीठ बरोबर आहे का म्हणून चमचाभर तोंडात टाकायची सवय आपल्या सगळ्यांना असते. हे नऊ महिने मीठ नवऱ्याला चाखू दे. कबाब आतून गुलाबी असेल तर परत तव्यावर. बकरीचं कच्चं दूध कोणी पौष्टिक म्हणून आणून दिलं तर उकळल्याशिवाय घोटभरही नको.

आता मनी.

कच्चं चिकन बंद. मांजराला कच्चं मांस आवडतं, मान्य, पण त्यातून तिला जंतू मिळतात आणि तिच्यामार्फत घराला. थोडं पाणी घालून, मीठ-मसाला-कांदा-लसूण काहीही न घालता शिजवलेलं चिकन किंवा मासा तिला दे. (कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला अपायकारक असतात, म्हणून रश्शातला तुकडा धुऊन देणं ही भूतदया नव्हे.) सुरुवातीला तोंड फिरवेल, तुझ्याकडे अपमान झाल्यासारखं बघेल. मग खाईल. नाहीतर मांजरांचं तयार कोरडं खाणं आहेच. एक मात्र बघ: मांजर दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर हट्टाला पेटू नकोस, डॉक्टरांकडे ने, कारण उपासाने मांजराचं यकृत बिघडतं.

बांधकामावरची फेरी बंद. समोर वाळूचा ढीग आहे ना? आख्ख्या गल्लीतल्या मांजरांचं ते शौचालय आहे. शिवाय तिथले उंदीर, आणि पावसाळ्यात उंदरांबरोबर येणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार. घराच्या दाराला जाळीचं दार असेल तर उत्तम, नसेल तर येता-जाता दार लोटून घ्यायची सवय सगळ्यांना लावावी लागेल. गॅलरीला जाळी मारून घ्या. बाळ रांगायला लागल्यावर ती तशीही लागणारच आहे, तेव्हा सासऱ्यांना हा खर्च नातवासाठी आहे असं सांग. मनी पहिले काही दिवस दारात बसून रडेल. तिच्याशी संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरी-चेंडू काहीतरी खेळा, शिकारीची हौस तिथे फिटते.

ट्रे नवऱ्याकडे. रोज. हे काम त्याने रात्री जेवणानंतर कचरा खाली नेताना केलं की लक्षात ठेवायची वेगळी कटकट नाही. विष्ठा कागदात गुंडाळून, पिशवी बांधून कचऱ्यात. कुंडीत खत म्हणून अजिबात नाही, संडासात फ्लशही नाही. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून त्यात उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. फिनाईल वापरू नका. आपल्या घरांत जिथे वास येतो तिथे फिनाईल ओततात, पण मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. पायाला लागलेलं ती चाटते आणि आजारी पडते. ब्लीचनेही ही अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी फुकट आहे आणि काम करतं. ट्रे स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. एखाद्या दिवशी नवरा गावाला गेला आणि तुलाच करावं लागलं तर रबरी हातमोजे घाल, नाका-तोंडाला फडकं बांध, मग हात धू. एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. मला दोन्ही खेपेला दिवस असताना दवाखान्यात मांजरं हाताळावी लागली, हातमोजे आणि साबण एवढ्यावरच. पशुवैद्य बायका हेच करतात.

कुंड्यांची माती उकरायची असेल तर तेव्हाही हातमोजे हवेत. तुळशीला पाणी घालायला हरकत नाही, माती मात्र दुसऱ्या कोणी बदलावी. आणि बाळंतपण होईपर्यंत नवं पिल्लू घरात आणायचं नाही, ते जिन्यात कितीही केविलवाणं ओरडत असलं तरी. ज्यांच्याकडून खरी भीती असते ती हीच, पहिल्या शिकारीच्या वयाची पिल्लं. त्याला शिजलेलं खायला दे, प्राणिमित्रांना फोन कर, उचलून मात्र आणू नकोस.

मनीची तपासणी करून घेऊ का, असं पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून आताच सांगते. नको. तिच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर अर्थ एवढाच की तिची वेळ होऊन गेली, जे चांगलंच आहे. विष्ठेत अंडी सापडण्याचा योग तो नेमका पंधरवडा गाठला तरच. ते पैसे लसीला वापर. रेबीजची लस दर वर्षी हवी, तिची तारीख उलटली असेल तर या आठवड्यात घेऊन टाका. जंतांचं औषध, पिसवांचं औषध हेही. पिसवांचं औषध मानेवर लावायचं असतं, ते नवऱ्याने लावावं आणि सुकेपर्यंत तू तिला जवळ घेऊ नकोस. दुकानदाराने कुत्र्याचं औषध “तेच असतं हो” म्हणून दिलं तर घेऊ नका. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराला मारून टाकतं.

चावली किंवा खोल ओरखडलं, मग ती घरची मनी असो की बाहेरचा बोका, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मग त्याच दिवशी डॉक्टर. रेबीजची लस गरोदरपणात सुरक्षित आहे. “दिवस आहेत, सुई नको” असं घरात कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. इथे थांबणं हाच खरा धोका.

शेजारच्या काकूंच्या भाचीबद्दल. तिचं दुःख खरं आहे, कारण बहुधा चुकीचं आहे. टॉक्सोची लागण एकदा झाली की शरीर ओळख ठेवतं, त्यामुळे निरोगी बाईचे लागोपाठ दोन गर्भ याच्यामुळे पडले असं सहसा होत नाही. पहिल्या तिमाहीत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची घडणच चुकलेली असते, त्याला ना मांजर जबाबदार ना आई. आपल्याकडे गर्भपात झाला की टॉर्चची तपासणी करायची, त्यात आयजीजी निघतं, आणि निघालेल्या आयजीजीवर खापर फुटतं. निदान म्हणून याला फारसा अर्थ नसतो. पण हे काकूंना जिन्यात समजावत बसू नकोस. भाचीला भेटलीस तर चांगल्या डॉक्टरांकडे जायला सांग, बस.

हे सदर वाचणाऱ्या ज्या जणींचं आयजीजी निगेटिव्ह आलंय, त्यांना दोन शब्द. तुमची लागण अजून झालेली नाही, म्हणजे वर लिहिलेली सगळी पथ्यं तुम्ही म.पेक्षा कडक पाळायची. तुमच्यासाठी ट्रेला हात न लावणं हा नियम आहे, सोय नव्हे. आणि ज्यांचं आयजीएम पॉझिटिव्ह आलंय त्यांनी आधी श्वास घ्यावा. आयजीएम कधी कधी वर्ष-वर्ष रेंगाळतं, कधी खोटंच पॉझिटिव्ह येतं. त्यावर ॲव्हिडिटी नावाची पुढची तपासणी असते. पहिल्या तिमाहीत ती ‘हाय’ आली तर लागण चारेक महिन्यांपेक्षा जुनी, म्हणजे गर्भधारणेच्या आधीची. लागण खरंच नवी ठरली तरी स्पायरामायसिनसारखी औषधं आहेत, अठराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासता येतं, सोनोग्राफीवर लक्ष ठेवता येतं. सुरुवातीच्या महिन्यांत लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचली तर मेंदूला आणि डोळ्यांना जास्त इजा करते. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट. म्हणून कुठल्या आठवड्यात काय करायचं हे तज्ज्ञच ठरवतील. एका आयजीएमच्या कागदावर गर्भ राहू द्यायचा की नाही असा निर्णय कोणीही घेऊ नये, कोणी सुचवला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

परत तुझ्या घरात येते. सासूबाईंशी भांडू नकोस. त्या मांजरावर चिडलेल्या नाहीत, नातवंडासाठी घाबरलेल्या आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला करायला काही काम लागतं. कोथिंबीर-मेथी धुण्याचं खातं त्यांच्याकडे दे, उकळलेल्या पाण्याचं दे. त्यांच्याइतकी चोख ती कामं कोणी करणार नाही. त्यांना एक गोष्टही सांग. आपल्याकडे बाळाच्या पाचवीला किंवा सहावीला सटवाईची पूजा होते, ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. बंगालमध्ये हीच षष्ठी, लेकरांचं रक्षण करणारी देवी, आणि तिचं वाहन मांजर आहे. तिथल्या आया मांजराला दुखवत नाहीत, देवी रागावेल म्हणून. शास्त्राने पटलं नाही ते कदाचित सटवाईने पटेल. दोन्ही वापर.

सासऱ्यांना मात्र सरळ सांगावं लागेल, आणि ते तू नाही, तुझ्या नवऱ्याने सांगायचं. पाळीव जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि मच्छी मार्केटात मासळीचे ढीग असले तरी त्या ढिगांचे मालक असतात, मालक बोके. घरात वाढलेल्या मांजरीला तिथे पहिल्या रात्रीच मार बसतो. शिवाय गोणीतून सोडलेली मांजरं पुष्कळदा परत येतात, रस्ते ओलांडत, जखमी होऊन, पिसवा आणि कसले कसले जंतू घेऊन. म्हणजे घरात सुरक्षित असलेलं मांजर तुम्ही धोकादायक करून परत आणणार.

तुझे ‘हे’ काहीच बोलत नाहीत, असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले होते. आई-वडील आणि बायको यांच्या मधे गप्प बसलं की कोणी दुखावत नाही असं पुष्कळ पुरुषांना वाटतं. त्याला हे पत्र वाचायला दे. त्याच्या वाट्याला एकूण तीन कामं आली आहेत: ट्रे, गॅलरीची जाळी आणि वडिलांशी पाच मिनिटं बोलणं. पहिली दोन सोपी आहेत. तिसरं आजच करायला सांग, कारण गोणी सकाळी लवकर भरली जाते.

डॉक्टर परतल्या की रिपोर्ट दाखव आणि एवढंच विचार, “ही जुनी लागण आहे ना, आणि पुन्हा टॉर्च करायची गरज नाही ना?” दमा किंवा मांजराची ॲलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांग, आणि चालू असलेला पंप मनाने बंद करू नकोस. आयजीजी दर महिन्याला करून घ्यायचं काही कारण नाही. ते जन्मभर पॉझिटिव्हच येणार, आणि दर वेळी ठळक छापलं जाणार.

बाळंतपणाला माहेरी जाणार असशील तर मनीला बरोबर नेऊ नकोस. मांजर जागेला धरून असतं, नव्या घरात ती बिथरेल आणि नेमकं त्याच वेळी तिच्याकडे बघायला तुला सवड नसेल. तोपर्यंत खाणं आणि ट्रे दोन्ही नवऱ्याच्या हातात मुरलेलं असेल. पाळणा मात्र आधीच मांडून ठेवा आणि त्यावर जाळी लावा, म्हणजे तो आपल्यासाठी नाही हे तिला बाळ यायच्या आधी कळेल. दवाखान्यातून बाळाचं वापरलेलं एक दुपटं आधी घरी पाठव, तिला हुंगू दे. बाळ आल्यावर सुरुवातीचे काही महिने बाळ झोपलेल्या खोलीत मनी एकटी राहणार नाही एवढं बघा. मांजर ऊब शोधतं आणि तान्ह्याला मान सावरता येत नाही, त्यात तिचा वाईट हेतू नसतो. तिच्या रेबीजच्या लसीची तारीख बाळंतपणाच्या आसपास येत असेल तर दोन आठवडे आधीच उरकून घ्या, आणि ते कार्ड फ्रीजवर लावून ठेवा, नवऱ्याला दिसेल असं.